मशीनवरून उतरले आणि घरी गेले: हृदयाच्या ऑपरेशननंतरच्या कृत्रिम आधाराची गोष्ट

सकाळी आठला आत नेलेल्या पेशंटची संध्याकाळी पाचपर्यंत काही खबर नसते. मग सर्जन बाहेर येतात आणि सांगतात, "झडप बसवली आहे, त्यात अडचण नाही. पण हृदय अजून स्वतःहून पुरेसं काम करत नाहीये, म्हणून त्यांना एक्मोवर ठेवलं आहे." नातेवाइकांना त्यातलं ‘ठेवलं आहे’ एवढंच ऐकू येतं. पुढचा प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: "म्हणजे ते आहेत ना, डॉक्टर?"

एक्मो हा शब्द आपल्याकडे अनेकांनी पहिल्यांदा ऐकला तो डिसेंबर 2016 मध्ये, जयललितांच्या शेवटच्या दिवसांतल्या बातम्यांमध्ये. कोविडच्या काळात तो घरोघरी पोचला. दोन्ही वेळा तो मृत्यूच्या बातमीला चिकटून आला, त्यामुळे "एक्मो लावला म्हणजे संपलं" असा समज पक्का झाला. दुसऱ्या बाजूला "गेलेल्या माणसालाही मशीनवर ठेवतात आणि बिल वाढवतात" हा संशय आहेच. खरं काय ते समजून घ्यायचं तर हे यंत्र कुठून आलं, कोण त्यावर वाचलं आणि कोण नाही, हे पाहावं लागतं. म्हणून आज थोडा इतिहास सांगतो.

आधी एक गोंधळ दूर करू. व्हेंटिलेटर फक्त फुफ्फुसात हवा ढकलतो. रक्त फिरवण्याचं काम हृदयालाच करावं लागतं. बलून पंप म्हणजे महाधमनीत ठेवलेला एक लांबट फुगा. तो हृदयाच्या ठोक्यांशी ताल जुळवून फुगतो आणि मिटतो, आणि थकलेल्या हृदयाचं ओझं थोडं हलकं करतो. एक्मोचं काम याहून मोठं आहे. तो शरीरातलं काळपट रक्त जाड नळीने बाहेर काढतो, त्यात ऑक्सिजन मिसळतो, कार्बन डायऑक्साइड काढून टाकतो आणि ते लाल रक्त दाबाने परत शरीरात सोडतो. हृदय जवळजवळ थांबलेलं असलं तरी मेंदूला, मूत्रपिंडांना, यकृताला रक्त मिळत राहतं. तेव्हा वरच्या प्रश्नाचं उत्तर असं, की हृदय चालत नाही एवढ्यावरून पेशंट गेला असं होत नाही. यंत्राची सगळी कल्पनाच त्यावर उभी आहे.

ही कल्पना सुचली ती एका मृत्यूच्या रात्री. 1930-31 च्या सुमारास बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर एका बाईंच्या फुफ्फुसाच्या मुख्य धमनीत रक्ताची मोठी गाठ अडकली. जॉन गिबन नावाच्या तरुण डॉक्टरला रात्रभर त्यांच्या उशाशी बसून नाडी आणि रक्तदाब टिपत राहण्याचं काम दिलेलं होतं. सकाळी त्यांची प्रकृती कोसळली. डॉ. एडवर्ड चर्चिल यांनी साडेसहा मिनिटांत छाती उघडून गाठ काढली, पण बाई वाचल्या नाहीत. त्या रात्री गिबनच्या मनात आलं, की यांचं काळं पडत चाललेलं रक्त बाहेर काढून, त्यात ऑक्सिजन भरून, गाठ अडकलेली जागा टाळून परत धमनीत सोडता आलं असतं तर?

पुढची वीसहून अधिक वर्षं हा माणूस त्याच प्रश्नामागे होता. त्याची पत्नी मेरी प्रयोगशाळेत त्याच्या बरोबरीने राबत होती. प्रयोगांसाठी मांजरं लागायची, तेव्हा हे दांपत्य रात्री बोस्टनच्या रस्त्यांवर माशाचं आमिष घेऊन भटकी मांजरं पकडत फिरायचं. अखेर 6 मे 1953 रोजी फिलाडेल्फियात सेसिलिया बावोलेक या अठरा वर्षांच्या मुलीच्या हृदयातलं छिद्र गिबनने बंद केलं. त्या वेळी 26 मिनिटं तिच्या हृदयाचं आणि फुफ्फुसांचं संपूर्ण काम यंत्राने केलं. मुलगी बरी होऊन घरी गेली. पण त्यानंतरच्या दोन लहान मुली दगावल्या आणि गिबनने स्वतः ही शस्त्रक्रिया थांबवली. पुढचं काम इतरांनी नेलं, विशेषतः मिनेसोटा राज्यातल्या दोन केंद्रांनी: मेयो क्लिनिकमध्ये जॉन कर्कलिन यांनी आणि तिथल्या विद्यापीठात वॉल्टन लिलेहाय यांनी.

उघड्या हृदयावरची शस्त्रक्रिया शक्य झाली तशी एक नवी आपत्ती समोर आली. ऑपरेशन मनासारखं व्हायचं, छिद्र बुजायचं, झडप बदलली जायची, पण यंत्र बंद करायची वेळ आली की हृदय उचल घ्यायचं नाही. यंत्र चालू केलं की रक्तदाब ठीक, बंद केलं की खाली. सर्जन अर्धा तास थांबायचे, पुन्हा प्रयत्न करायचे. काही पेशंटांचं हृदय तेवढ्यात सावरायचं, काहींचं नाही.

मग यंत्र दोन-चार दिवस चालू का नाही ठेवायचं? कारण त्या काळातलं यंत्र रक्ताचाच नाश करत असे. रक्तातून ऑक्सिजनचे बुडबुडे सोडले जात किंवा रक्ताचा पातळ थर उघड्यावर ऑक्सिजनच्या संपर्कात आणला जाई. रक्ताला असा थेट वायूचा स्पर्श सोसत नाही. तांबड्या पेशी फुटतात, रक्त गोठवणारे घटक निकामी होतात, काही तासांत सगळीकडून रक्तस्राव सुरू होतो. ऑपरेशनपुरतं हे चालून जाई. दिवसांचा हिशोब आला की यंत्रच जीवघेणं ठरे.

अमेरिकेतल्या ह्यूस्टनमध्ये मायकल डीबेकी यांनी वेगळा विचार केला. फुफ्फुसं बरी असतील तर ऑक्सिजन मिसळण्याची गरजच काय? फक्त डाव्या बाजूच्या थकलेल्या कप्प्याला मदत करणारा पंप पुरेल. 1963 मध्ये त्यांचे सहकारी स्टॅन्ली क्रॉफर्ड आणि मूळचे अर्जेंटिनाचे डोमिंगो लिओटा यांनी 42 वर्षांच्या एका पेशंटच्या छातीत असा पंप बसवला. झडप बदलल्यावर त्यांचं हृदय थांबलं होतं आणि पुन्हा चालू करेपर्यंत मेंदूला इजा झालेली होती. पंपाने त्याचं काम केलं, फुफ्फुसात साठलेलं पाणी ओसरलं, पण पेशंट चौथ्या दिवशी गेले. एप्रिल 1966 मध्ये मार्सेल डीरूडर या जुन्या खाणकामगाराला पंप लावला. ते पाच दिवसांनी गेले, आणि तेही पंप बिघडून नाही, फुफ्फुस फाटल्यामुळे.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मेक्सिकोच्या एस्पेरान्झा देल व्हाये व्हास्केस या 37 वर्षांच्या बाई डीबेकींकडे आल्या. त्यांच्या हृदयाच्या दोन झडपा बदलल्या गेल्या आणि नेहमीचीच अडचण उभी राहिली: हार्ट-लंग मशीन बंद करता येईना. त्यांना शरीराबाहेर ठेवलेला पंप जोडला गेला. दहा दिवस तो चालला. त्या काळात हृदय हळूहळू सावरलं, पंप काढला आणि बाई चालत घरी गेल्या. पुढे सहा वर्षांनी त्यांचा मृत्यू झाला तो मोटार अपघातात. हृदयाच्या ऑपरेशननंतर यंत्राच्या आधारावर राहून, यंत्रावरून उतरून, घरी जाऊन वर्षानुवर्षं जगलेल्या सुरुवातीच्या माणसांपैकी त्या एक.

दहा दिवसांत त्यांच्या हृदयात नेमकं काय घडलं असेल? त्या वेळी ते नीट सांगता येत नव्हतं. पुढे, 1980 च्या दशकात, ब्राउनवाल्ड आणि क्लोनर यांनी त्याला नाव दिलं. त्याला आपण ‘बधिर झालेला हृदयस्नायू’ म्हणू. काही काळ रक्त कमी मिळालेला स्नायू मेलेला नसतो, पण आकुंचनही पावत नाही. मार बसल्यावर हात सुन्न पडावा आणि काही वेळाने पुन्हा हलू लागावा, तसंच काहीसं. रक्तपुरवठा पूर्ववत झाल्यावर असा स्नायू काही तासांत किंवा काही दिवसांत कामावर परत येतो. मेलेला स्नायू येत नाही. यंत्रावर ठेवलेल्या पेशंटचं भवितव्य बरंचसं या एका प्रश्नावर ठरतं: हृदय बधिर आहे की मेलं आहे? आणि पहिल्या दिवशी याचं खात्रीचं उत्तर बहुधा कुणाकडेच नसतं. म्हणून वाट पाहायची.

आता पुन्हा रक्त आणि वायू यांच्या भांडणाकडे येऊ. 1940 च्या दशकात हॉलंडमध्ये विलेम कोल्फ यांनी कृत्रिम मूत्रपिंड म्हणजे डायलिसिसचं यंत्र बनवलं. सेलोफेनच्या नळीतून जाताना काळपट रक्त लाल होतंय, हे त्यांच्या लक्षात आलं. म्हणजे रक्त आणि वायू यांच्यामध्ये पातळ पडदा असला तरी ऑक्सिजन पलीकडे जातो, आणि रक्ताला वायूचा थेट स्पर्श टळतो. पुढे सिलिकोनचा पडदा सापडला आणि ही युक्ती माणसासाठी वापरण्याजोगी झाली. आईच्या पोटातल्या बाळाला वारेतून ऑक्सिजन मिळतो तोही असाच, मध्ये पडदा ठेवून.

या पडद्याच्या कृत्रिम फुफ्फुसावर 1971 मध्ये कॅलिफोर्नियात अपघातात जबर जखमी झालेला 24 वर्षांचा एक तरुण 75 तास राहिला आणि वाचला. डोनाल्ड हिल यांच्या चमूने ते केलं. त्यानंतर 1972 मध्ये रॉबर्ट बार्टलेट यांच्याकडे दोन वर्षांचा एक मुलगा होता. त्याच्या हृदयातल्या दोन मोठ्या रक्तवाहिन्या जन्मतः उलट जोडलेल्या होत्या, त्यासाठी मस्टर्ड नावाची शस्त्रक्रिया झाली होती आणि नंतर हृदय साथ देत नव्हतं. 36 तास एक्मोने त्याचं रक्त फिरवलं. हृदय सावरलं, यंत्र काढलं, मुलगा वाचला. हृदयाच्या ऑपरेशननंतरच्या एक्मोची आपल्याला माहीत असलेली यशस्वी सुरुवात ही.

तीन वर्षांनी बार्टलेट यांनीच एका नवजात मुलीला एक्मोवर ठेवून वाचवलं. तिच्या फुफ्फुसात जन्माच्या वेळी विष्ठा गेली होती. तिची आई मेक्सिकोहून आलेली, गरीब, बाळाला मागे ठेवून निघून गेलेली. परिचारिकांनी बाळाचं नाव ठेवलं एस्पेरान्झा. ह्यूस्टनच्या बाईंचंही नाव तेच होतं, हा योगायोग मला नेहमी गंमतीचा वाटतो. स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ आशा.

इथे थांबलो तर तुम्हाला वाटेल की यंत्र सापडलं आणि माणसं वाचू लागली. तसं झालं नाही. 1970 च्या दशकात अमेरिकेत फुफ्फुसं निकामी झालेल्या 90 प्रौढ पेशंटांवर एक मोठा अभ्यास झाला. 42 जणांना एक्मो, 48 जणांना नेहमीचे उपचार. दोन्ही गटांत वाचले प्रत्येकी चार. म्हणजे शंभरातले नऊसुद्धा धड नाहीत, आणि एक्मोने काही फरक पडला नाही. 1979 मध्ये हे आकडे प्रसिद्ध झाल्यावर प्रौढांमधला एक्मो जवळजवळ बंदच पडला. आज मागे वळून पाहिलं तर कारणं दिसतात: पेशंट फार उशिरा यंत्रावर गेले होते, फुफ्फुसं आधीच कायमची खराब झाली होती आणि रक्तस्राव प्रचंड होत होता. जो अवयव बरा होणार नाही त्याच्यासाठी वेळ विकत घेऊन उपयोग नसतो.

नवजात बाळांची गोष्ट याच्या अगदी उलट. त्यांची फुफ्फुसं मुळात चांगली असतात, चार-सहा दिवस निभावले की सुधारतात. ब्रिटनमध्ये 1996 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एक्मो मिळालेल्या 93 बाळांपैकी 30 दगावली, तर न मिळालेल्या 92 पैकी 54. बाळांच्या विभागांनी हे तंत्र जिवंत ठेवलं. प्रौढांत ते परत आलं ते पुढे, यंत्रं सुधारल्यावर. रक्त चिरडणाऱ्या रोलरच्या जागी चक्राकार फिरणारे पंप आले, पडदे टिकाऊ झाले, नळ्यांना असा लेप आला की रक्त कमी गोठतं. त्यामुळे पूर्वी तासांत मोजायचं ते आता दिवसांत मोजतात.

तर मग हृदयाच्या ऑपरेशननंतर एक्मोवर गेलेल्या प्रौढांपैकी किती वाचतात? जर्मनीतल्या लाइपझिग इथल्या हृदयकेंद्राने 1996 ते 2008 या काळातल्या 517 पेशंटांची नोंद 2010 मध्ये प्रसिद्ध केली. ती मला महत्त्वाची वाटते, कारण तिच्यात काही लपवलेलं नाही. यंत्रावरून यशस्वीपणे उतरले 63.3 टक्के. रुग्णालयातून घरी गेले 24.8 टक्के.

हे दोन आकडे पुन्हा एकदा वाचा. शंभरातले त्रेसष्ट यंत्रावरून उतरले, पण घरी गेले पंचवीस. मधले अडतीस जण यंत्र निघाल्यानंतर गेले: कुणाची मूत्रपिंडं बंद पडली, कुणाला जंतुसंसर्ग झाला, कुणाच्या मेंदूत रक्तस्राव झाला, कुणाचं हृदय पुन्हा थकलं. एक्मो निघाला की आयसीयूबाहेर पेढे वाटायची घाई मी पाहिली आहे. त्या आनंदावर पाणी टाकायला जिवावर येतं, पण सांगावं लागतं की निम्मा घाट अजून बाकी आहे. आणि कुणी तुम्हाला "आमच्याकडे इतके टक्के यश" असं सांगितलं, तर ते यश यंत्रावरून उतरण्याचं आहे की घरी जाण्याचं, हे जरूर विचारा. जाहिरातीत पहिला आकडा शोभून दिसतो.

त्यानंतरच्या वर्षांत वेगवेगळ्या केंद्रांचे आकडे थोडे सुधारलेत, तरी आजही यातले निम्म्याहून जास्त प्रौढ घरी जात नाहीत. मुलांमध्ये साधारण निम्मी वाचतात. लक्षात घ्या, यंत्र न लावता हे सगळेच पेशंट टेबलावर किंवा त्याच रात्री गेले असते. म्हणून पंचवीस हा आकडा शंभराच्या तुलनेत लहान आणि शून्याच्या तुलनेत मोठा आहे. दोन्ही बाजू खऱ्या आहेत. याच कारणाने या पेशंटांवर चिठ्ठ्या टाकून चाचणी करता येत नाही. अर्ध्यांना मुद्दाम मरू द्यायचं कसं?

लाइपझिगच्या पेशंटांत कोण कमी वाचलं? सत्तरीच्या पुढचे, मधुमेही, आधीच मूत्रपिंड बिघडलेले, फार स्थूल. आणि ज्यांच्या रक्तातलं लॅक्टेट वाढलेलं होतं ते. लॅक्टेट म्हणजे पेशी ऑक्सिजनवाचून उपाशी आहेत याची खूण. ते चढतं ठेवून यंत्राला उशीर केला, तर हृदय पुढे सावरलं तरी बाकीचे अवयव तोवर गेलेले असतात. नुसती बायपास झालेल्या पेशंटांचे निकाल इतरांपेक्षा बरे होते.

मग ज्याचं हृदय कमजोर दिसेल त्या प्रत्येकाला लवकर लावावा का? तेही नाही. हृदयविकाराच्या झटक्याने शॉकमध्ये गेलेल्या 420 पेशंटांवर जर्मनी आणि स्लोव्हेनियात एक चाचणी झाली. तिचे निकाल 2023 मध्ये आले. सरसकट लवकर एक्मो लावलेल्या गटात महिन्याभरात 47.8 टक्के गेले, न लावलेल्या गटात 49.0. म्हणजे फायदा नाही. उलट मोठा रक्तस्राव 23.4 टक्क्यांना झाला, दुसऱ्या गटात 9.6 टक्क्यांना. हे ऑपरेशनचे पेशंट नव्हते, हा फरक आहेच. पण यंत्राची किंमत शरीर कशी मोजतं ते यात दिसतं. नळीत रक्त गोठू नये म्हणून ते पातळ ठेवायचं, आणि इकडे छातीची जखम ताजी. मांडीच्या धमनीत जाड नळी असेल तर त्या पायाचा रक्तपुरवठा कमी पडू शकतो. शिवाय यंत्र महाधमनीत दाबाने रक्त सोडतं. आधीच दमलेल्या डाव्या कप्प्याला त्या दाबाविरुद्ध उघडावं लागतं, आणि कधी तो फुगून बसतो.

बिल आणि संशयाचा प्रश्न मी टाळत नाही. खर्च प्रचंड आहे आणि विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. रोज डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा. कालच्यापेक्षा हृदय इकोमध्ये जास्त हलतंय का? भूल कमी केल्यावर ते डोळे उघडतात का, सांगितलं तर हात दाबतात का? लॅक्टेट उतरतंय का, लघवी होतेय का? या उत्तरांची दिशा दोन-तीन दिवसांत कळू लागते. आठवडा होत आला आणि हृदयात काहीच जोर नाही, तर पुढे दोनच वाटा उरतात: हृदयप्रत्यारोपण किंवा कायमचा पंप. सत्तरी ओलांडलेल्या, मूत्रपिंड गेलेल्या माणसासाठी बहुधा दोन्ही बंद असतात. अशा वेळी यंत्र थांबवण्याचं बोलणं निघतं. ते बोलणं पहिल्याच दिवशी, "किती दिवस वाट पाहायची आणि नाही सुधारलं तर काय" असं विचारून सुरू केलेलं बरं. सातव्या दिवशी अचानक ऐकलं की घरच्यांना ते फसवणुकीसारखं वाटतं.

आता जे पंचवीस घरी गेले त्यांचं पुढे काय झालं? त्याच नोंदीत त्यांचाही हिशोब आहे. मूळ 517 पैकी सहा महिन्यांनी 17.6 टक्के हयात होते, वर्षाने 16.5 टक्के आणि पाच वर्षांनी 13.7 टक्के. म्हणजे घसरण मुख्यतः पहिल्या सहा महिन्यांत आहे, त्यानंतर रेषा जवळजवळ सपाट होते. हा अर्धा वर्षाचा काळ घरी अवघड जातो. अंगावरचं मांस झडलेलं असतं, संडासपर्यंत चालायलाही कुणाचा तरी खांदा लागतो. काहींना काही आठवडे डायलिसिस लागतं. झोप उडालेली असते, आयसीयूतली भलतीच स्वप्नं पडतात, नावं आठवत नाहीत. एकदम शांत असलेला माणूस चिडचिडा होतो आणि घरच्यांना वाटतं डोक्यावर परिणाम झाला. बरंचसं हे महिन्यांनी निवळतं. तोवर ताप आला, पाय सुजले, धाप वाढली, जखमेतून पाणी येऊ लागलं, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका, त्याच दिवशी फोन करा.